मामींच्या नावावरचा आजार

व्हिसाच्या मेडिकलला दीड महिना उरला तेव्हा मला खाऊ घालण्याचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. सकाळी भिजवलेल्या खारका, दहाला शेंगदाण्याचा लाडू, शाळेच्या डब्यात पालक नाहीतर बीट, संध्याकाळी हुलग्याचं गरम माडगं. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती, की तिकडचं सरकार वाळक्या बायकांना घेत नाही. "अंग बघून शिक्का मारत्यात म्हनं," असं त्यांना गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हणायची, "आई, बैलबाजार आहे का तो?" त्या म्हणायच्या, "खा गप."

नवरा दोन वर्षांपूर्वी वेल्डिंगच्या कामावर कॅनडाला गेला. त्याच्यामागं मी आणि आमची आठ वर्षांची मुलगी जाणार होतो. पासपोर्ट झाले, लग्नाचा दाखला झाला, फोटो तीनदा काढून झाले. राहिली होती ती हैदराबादच्या दवाखान्यातली तपासणी. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ठीक म्हणून कळवलं की व्हिसा, नाहीतर आम्ही धाराशिवात आणि तो तिकडं, किती दिवस ते कुणालाच ठाऊक नाही. मुलगी रोज व्हिडिओ कॉलवर बापाला आपला पडलेला दात दाखवायची. तो दात पडून नवा अर्धा वर आला होता.

आमच्याकडं परदेशी गेलेली माणसं मोजकी, पण सल्ला द्यायला परदेशी जावंच लागतं असं थोडंच आहे. कुणी म्हणालं तपासणीआधी आठ दिवस गोड बंद कर. कुणी म्हणालं भरपूर पाणी पी म्हणजे रक्त पातळ होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं की आदल्या दिवशी बीट खाऊ नकोस, लघवी लाल येते. एवढा एकच सल्ला खरा होता आणि नेमका तोच सासूबाईंनी मनावर घेतला नाही. मी आठवीला विज्ञान शिकवते, त्यामुळं बाकीचं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. रोज सकाळी पाऊण तास चालायला मात्र लागले. मीठ कमी केलं, शाळेतला तिसरा चहा बंद केला. साखर ठीक होती, हिमोग्लोबिन सुधारलं, चष्म्याचा नंबर तोच होता. तरी बीपी प्रत्येक वेळी वर दाखवायचं, आणि ते का हे मला चांगलं माहीत होतं.

कारण होतं फॉर्मवरचा एक प्रश्न. नवऱ्यानं फॉर्म आधीच पाठवला होता, नीट वाचून ठेव म्हणून. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मोबाईलवर वाचत होते. ऑपरेशन झालंय का, दमा आहे का, साखर आहे का, सगळ्यांना नाही नाही म्हणत खाली आले. मग तो प्रश्न आला. याआधी कधी क्षयरोग झाला होता का? मी मोबाईल बंद करून पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला.

माझा स्वभाव तापट. वर्गात खडू फेकून मारते अशी माझी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. सूक्ष्मजीवांचा धडा आला की मी दरवर्षी फळ्यासमोर उभी राहून ठणकावून सांगते, की टीबी औषधानं पूर्ण बरा होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, लपवणारे लोक मूर्ख असतात. मुलं मान डोलावतात. हे सांगणारी बाई स्वतः अठरा वर्षं लपवत आली आहे, हे त्या मुलांनाच काय, माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर मी ठरवलं होतं, 'नाही' वर खूण करायची आणि मोकळं व्हायचं. पण शास्त्र शिकलेलं असलं की खोटंही नीट बोलता येत नाही. छातीचा एक्स-रे निघणार हे मला ठाऊक होतं. म्हणून डोळे तपासायला जाते असं घरी सांगून मी धाराशिवातच एक्स-रे काढून घेतला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि उजव्या बाजूला वर बोट ठेवलं. म्हणाले, "जुना व्रण आहे. भरलेला दिसतोय, काळजीचं काही नाही. पण तिकडच्या तपासणीत हा दिसणारच. उपचाराचे कागद असतील तर बरोबर न्या. आधी नाही म्हणालात आणि मग हा दिसला, तर तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत."

कागद होते. फक्त त्यांवर माझं नाव नव्हतं.

मी मूळची तेरची. अकरावीला होते, रोज एसटीनं धाराशिवला कॉलेजात यायची. दिवाळीनंतर खोकला लागला तो सुटेना. संध्याकाळ झाली की अंग कोमट व्हायचं, जेवण जाईना, परकराची नाडी दर आठवड्याला आत आत यायची. आईनं वडिलांना "पोरीच्या अंगात कडकी आहे" एवढंच सांगितलं आणि थंडाव्याला म्हणून मला गुलकंद चारला. शेवटी एक्स-रे निघाला, थुंकी तपासली आणि डॉक्टरांनी सांगितलं, टीबी आहे, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, पण सहा महिने त्यांच्यासमोर गोळ्या घ्याव्या लागतील. आई खुर्चीवरून उठली नाही. ती आजाराला घाबरली नव्हती, ती 'समोर' या शब्दाला घाबरली. तेरहून येणारी प्रत्येक एसटी अर्धी दवाखान्यातल्या माणसांनी भरलेली. एकानं बघितलं की दुसऱ्या दिवशी गावात, आणि तिसऱ्या दिवशी जिथं जिथं माझं स्थळ जाईल तिथं.

म्हणून तिनं मला उमरग्याला नेलं, तिच्या भावाकडं. मामा तेव्हा हैदराबाद रोडवर ट्रक चालवायचे, आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरी मामी आणि त्यांची दोन लहान लेकरं. तेरमध्ये सांगितलं, की पोरगी मामाकडं राहून सायन्सचा क्लास करणार आहे. दवाखान्यात दुसरंच काहीतरी नाव सांगायचं हे आईनं ठरवलं होतं, पण कुठलं ते ठरवायचं राहून गेलं. खिडकीतल्या माणसानं "नाव?" विचारलं तेव्हा आईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मागं उभ्या असलेल्या मामींनी आपलं स्वतःचं नाव सांगितलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गल्ली, सगळं. त्यानं लिहून घेतलं. "वय?" त्यानं माझ्याकडं बघून विचारलं आणि मी पटकन बोलून गेले, "सतरा." आईनं दंडाला असा चिमटा काढला की पुढचे चार दिवस काळंनिळं होतं. त्यानं सतरा लिहिलं. लग्न झालेली सतरा वर्षांची बाई बघून त्याला काही नवल वाटलं नाही.

बाहेर आल्यावर आई रडायलाच लागली. "वैनी, हे काय केलंत?" मामी म्हणाल्या, "माझं लगीन झालंय, वन्सं. मला आता कोन बघायला येनार हाय?"

त्यानंतर सहा महिने मी गोळ्यांच्या दिवशी मामींची साडी नेसून जायची. कपाळाला मोठं कुंकू आणि गळ्यात त्यांचं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र. वाटेत ते टोचायचं. दवाखान्यातल्या बाई मला मामींच्या नावानं हाक मारायच्या आणि मी 'ओ' द्यायची. गोळ्या गिळून घरी आले की मामी मंगळसूत्र परत घालून घ्यायच्या. मला तेव्हा त्या सगळ्याची गंमत वाटायची. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

गंमत पाच आठवडे टिकली. मग ओळीनं तीन-चार दिवस मी गोळ्यांना गेलेच नाही, उलट्या होत होत्या म्हणून. शेवटी दवाखान्यातला माणूस पत्ता शोधत गल्लीत आला. नळावर बायका होत्या. त्यानं मामींचं नाव घेऊन विचारलं, "ती टीबीची पेशंट कुठं राहती?" संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. मामींना हळदीला बोलावणं बंद झालं. लग्नघरी पुरणपोळ्या लाटायला मामींचा हात लागायचाच, तिथं आता "तुमी बसा निवांत" सुरू झालं. मामांची बहीण म्हणजे माझी धाकटी मावशी आली, तर पाण्याची बाटली घेऊन आली. मामा म्हणाले, "हे आपल्या तोंडातनं भाईर जायला नको," आणि ते गेलं नाही. मी बरी झाले, वजन वाढलं, तेरला परतले. बारावी झाली, बी. एस्सी. झाली, बी. एड. झालं, लग्न ठरलं. बघायला आलेल्यांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, पोरगी निरोगी आहे, आणि तेव्हा ते खरंच होतं.

पुढचं लिहायला हात जड होतो, पण लिहायलाच पाहिजे. माझ्या मुलीच्या बारशाला मामी धाराशिवला आल्या होत्या. झबलं-टोपरं स्वतः शिवून आणलं होतं. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, टाळू हुंगली. उमरग्याच्या कुणा पाहुण्यांकडून सासूबाईंच्या कानावर ती जुनी बातमी आली होतीच. त्या लगबगीनं आल्या, "बाळाला भूक लागली असंल," म्हणाल्या आणि मांडीवरून लेकरू उचलून घेऊन गेल्या. मी पाच मिनिटांपूर्वीच पाजलं होतं. मामींना ते माहीत होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी साडीची निरी ठीकठाक करायला लागले. एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं, पण त्या शब्दाबरोबर माझं सगळं उघडं पडलं असतं. मामी जेवल्या, माझ्या आईला नमस्कार केला आणि दुपारच्या गाडीनं गेल्या. त्यानंतर त्या धाराशिवला कधी आल्या नाहीत. दोन वर्षांनी आई गेली आणि हे जाणणारं माणूस माझ्या बाजूला उरलं नाही.

तर आता मला त्याच मामींच्या दारात जायचं होतं, आणि तेही माझी अडचण घेऊन. उमरग्याची एसटी तुळजापूर सोडून अणदूरला पोचली तेव्हा मला वाटलं, इथंच उतरावं आणि परतीची गाडी धरावी. उतरले मात्र नाही.

मामांनी ट्रक केव्हाच सोडला. आता हायवेला टायरचं दुकान आहे, तिथून जेवायला घरी आले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "आता कशाला उकरून काढायलीस गं? लोकं इसरली."

"लोकं न्हाय इसरली," मामी चुलीकडून म्हणाल्या. "तुमी इसरलाव."

मामी हात पुसत आत गेल्या आणि ट्रंकेच्या तळातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड घेऊन आल्या. पिवळं पडलेलं, कडा झिजलेल्या. वर त्यांचं नाव. खाली वय सतरा. वजन चौतीस किलो. गोळ्या घेतल्याच्या खुणा ओळीनं, आणि मधे ते चुकवलेले तीन-चार दिवस कोरे. मी ते कार्ड हातात धरून बसून राहिले.

"वन्संनी जाळ म्हनून सांगितलं हुतं," मामी म्हणाल्या. "म्या न्हाय जाळलं."

"का?"

"कुनी लईच बोललं तर दावावं म्हनून. बघ की, वय सतरा लिवलंय. तवा मी सत्तावीसची, दोन लेकरांची माय. चौतीस किलोची हुते व्हय मी?" त्या हसल्या.

"मग दाखवलं का नाही कुणाला?"

"तुजं लगीन व्हायचं हुतं." त्या खाली बघून पदराचं टोक सारखं करत होत्या. "मग लगीन झालं. मग तुला लेकरू झालं. असं करत करत ऱ्हायलं."

म्हणजे बारशाच्या दिवशीही हे कार्ड त्यांच्या ट्रंकेत होतं. मी म्हणाले, "मामी, बारशाला मी..." त्या उठल्या, "च्या ठिवते," म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. माफी मागायला मी आठ वर्षं उशीर केला होता, आणि ती ऐकून घ्यायची त्यांना काही घाई नव्हती.

सरकारी दवाखान्यात आता नवे डॉक्टर होते, माझ्याहून लहान. त्यांनी कार्ड उलटसुलट पाहिलं, शिपायाला जुनी रजिस्टरं काढायला लावली. दोन खेपांनंतर नोंद सापडली. त्यांनी तिची शिक्क्याची नक्कल दिली. "नाव मला बदलता येणार नाही," ते म्हणाले. "जे लिहिलंय तेच देणार. तुम्ही दोघींनी प्रतिज्ञापत्र करा आणि खरं काय ते सांगा. पुढं ते लोक ठरवतील." मी त्यांना विचारलं, यात मामींना काही त्रास होईल का. त्यांनी मामींकडं बघितलं आणि म्हणाले, "आजवर झाला त्याहून जास्त नाही होणार."

तहसीलबाहेर टाइपवाल्याच्या टेबलाशी आम्ही उभ्या राहिलो. भोवती माणसं, कुणी सातबाऱ्यासाठी, कुणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. टाइप झाल्यावर त्यानं रिवाजाप्रमाणं मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. मी खाली मान घालून ऐकत होते. मामींचं नाव आलं, वय आलं, राहणार उमरगा आलं, मग तो वाचत गेला, "मी शपथेवर सांगते की मला कधीही क्षयरोग झालेला नाही."

"ते परत वाचा," मामी म्हणाल्या.

"कुठलं?"

"तेच. आत्ता वाचलेलं."

त्याला वाटलं काहीतरी चुकलं. त्यानं पहिल्यापेक्षा मोठ्यानं, एकेक शब्द तोडून वाचलं. दोन-चार माणसांनी वळून पाहिलं. मामींनी डोक्यावरचा पदर नीट केला, सगळं ऐकलं, "बराबर हाय," म्हणाल्या आणि सही केली. तिथं त्या गर्दीत मला रडू आलं. मामी मला ओरडल्या, "कागद भिजंल."

घरी सांगणं राहिलं होतं. नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "लग्नाआधी सांगितलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो का?" मी म्हणाले, "माहीत नाही. म्हणूनच सांगितलं नाही." तो म्हणाला, "तपासणीचं बघ आधी." त्याचा आवाज दुखावलेला होता. मला त्याचा राग आला नाही.

सासूबाईंना समोर बसवून सांगितलं. त्या लाडू वळत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता माझं ताट वेगळं होणार, मुलीला माझ्यापाशी झोपू देणार नाहीत. मी त्यासाठी भांडायची तयारीही केली होती. आठवीचा धडा तोंडपाठ होता. पण त्या वेगळंच बोलल्या.

"म्हंजी त्या बाईला कायच न्हवतं."

"नाही."

"म्या बारशाला लेकरू उचललं तिच्या मांडीवरनं."

"हो."

"मला ठावं न्हवतं. तुला ठावं हुतं." त्या माझ्याकडं रोखून बघत होत्या. "तू तिथंच हुतीस न्हवं? बघत हुतीस."

त्या लाडवाचं ताट तसंच सोडून देवघरात गेल्या. तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. खारका भिजल्या नाहीत, माडगं झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी वाटी पुन्हा ओट्यावर दिसली. त्या म्हणाल्या, "खा. तपासनी तर हुयाला पायजे." मी खाल्लं. मायेनं दिलं की कर्तव्य म्हणून, ते त्यांनी कळू दिलं नाही.

हैदराबादला मी, मुलगी आणि सासूबाई अशा तिघी गेलो. मुलीची तपासणी पाच मिनिटांत झाली. वजन, उंची, डोळे, लसींचं कार्ड. माझा एक्स-रे झाला आणि मला परत आत बोलावलं. डॉक्टरीणबाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या. मी फॉर्मवर 'हो' अशी खूण केली होती. नक्कल, कार्ड आणि दोन्ही प्रतिज्ञापत्रं पुढं ठेवली आणि माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. त्या वाचत होत्या. "ही कोण?" त्यांनी नावावर बोट ठेवलं.

"माझी मामी."

"आणि तिला हा आजार नव्हता?"

"नव्हता."

"मग तिनं नाव का दिलं?"

मी म्हणाले, "तिचं लग्न झालेलं होतं." त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. वय सतरा आणि वजन चौतीस या दोन आकड्यांभोवती पेन्सिलीनं गोल केला. म्हणाल्या, कागद मी जोडते, पण खात्री थुंकीवरूनच होणार. तीन दिवस सकाळी नमुने द्यायचे. जंतू वाढतात का ते बघायला आठ आठवडे लागतात. तोवर निर्णय नाही.

ते आठ आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मला काही झालेलं नाही हे विज्ञान सांगत होतं, आणि तरी साधा ठसका लागला की जीव टांगणीला लागायचा. शाळेत खडूच्या धुळीनं खोकले की मुलं बघतायत असं वाटायचं. चालणं सोडलं नाही. मुलीनं शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आम्ही विमानानं जाणार. मी तिला त्यावरून रागावले आणि मग तिच्या वेण्या घालताना मलाच वाईट वाटलं. नवरा रोज फोनवर एकच विचारायचा, "आलं का काही?" मी तितक्याच वेळा चिडायची, "आलं तर सांगणार नाही का?"

आलं. एकही जंतू वाढला नव्हता. पुढं महिन्याभरात व्हिसाचंही कळलं. एक अट होती, की तिकडं पोचल्यावर तिथल्या आरोग्य खात्यात जाऊन दाखवायचं. म्हणजे तिथंही पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. मी नवऱ्याला म्हणाले, आता सवय झाली. या वेळी तो हसला.

जायच्या आधी मी मुलीला घेऊन उमरग्याला गेले. सासूबाईंनी मामींसाठी साडी दिली होती. स्वतः आल्या नाहीत. "माझं त्वांड न्हाय तिकडं जायाचं," म्हणाल्या. मामींनी साडी घेतली, कुंकवाचं बोट लावून ट्रंकेत ठेवली. मुलीला त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं. "आजीवर गेलीया," म्हणाल्या, म्हणजे माझ्या आईवर. मग भाकरी थापायला बसल्या.

आम्हां दोघींना त्यांनी शेजारी शेजारी वाढलं. शेंगदाण्याची चटणी, दही, मेथीची भाजी. आम्हांला आग्रह करकरून घातल्यावर त्या आपलं ताट घेऊन भिंतीकडं, आमच्यापासून लांब बसल्या. मला ते बघवेना. मला आठवलं, त्या सहा महिन्यांत मी एकटी जेवायची नाही, चार घासांवर उठायची. डॉक्टरांनी वेगळं ठेवायची गरज नाही म्हटल्यापासून मामी माझ्याच ताटात हात घालून जेवायच्या, मी जास्त खावं म्हणून. गळ्याची हाडं वर आलेली, खोकणारी मी, आणि माझ्या ताटात त्यांचा हात. तेव्हा त्यांनी कधी मागंपुढं पाहिलं नव्हतं.

मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांच्या भाकरीचा तुकडा मोडायला हात पुढं केला.

त्यांनी चटकन ताट मागं ओढलं. "नगं गं. माझ्या ताटातलं नगं खाऊ. लेकराला घिऊन परदेशी जायचंय तुला."

त्यांना कधीच काही झालेलं नव्हतं. हे मला माहीत होतं, हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंना माहीत होतं, तहसीलबाहेरच्या माणसांनी कानांनी ऐकलं होतं. सगळ्यांत आधीपासून ते मामींना माहीत होतं. तरी अठरा वर्षांत त्यांच्या हाताला तेवढी सवय लागून गेली होती, आणि ती सवय मी लावली होती.

"मामी, तुम्हाला काही नव्हतं," मी म्हणाले. "मला होतं."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "मला काय ठावं न्हाय व्हय?"

पण ताट त्यांनी पुढं केलं नाही. मी ताटाची कड धरली होती आणि त्यांनी दुसरी. मुलगी घास हातात घेऊन आमच्याकडं बघत होती. मी ओढलं नाही, आणि त्यांनी सोडलं नाही.